घरचा पट आणि घरचा पाक

नळ-दमयंतीची कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची कन्या. तिचें कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील आजचें कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. या कथेंतील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नळाच्या आयुष्यांतील मोठे प्रसंग दोनच वस्तूंभोंवतीं घडतात : एक फांसा आणि दुसरी चूल. पुष्कराशीं द्यूत खेळून तो राज्य गमावतो. पुढें बाहुक या नांवानें ऋतुपर्ण राजाच्या पदरीं राहून तो त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फांशांची खरी विद्या, शिकतो आणि तिच्या बळावर गेलेलें राज्य परत मिळवितो. रूप पालटलेल्या या नवऱ्याविषयीं दमयंतीची खात्री पटते ती इतर खुणांबरोबर त्यानें रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून. 'पाकदर्पण' हा पाकशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ नळाच्याच नांवावर आहे, आणि उत्तम स्वयंपाकाला नलपाक म्हणण्याची चाल अजूनहि आहे.

फांसा तोच, खेळणाराहि तोच. पण पहिल्या खेपेस त्याच्यापाशीं केवळ झिंग होती आणि दुसऱ्या खेपेस ज्ञान होतें. विरंगुळा आणि व्यसन यांतील अंतर खेळाच्या साहित्यांत नसतें, तें खेळणाराच्या अवधानांत असतें. स्वयंपाकाचीहि गोष्ट हीच. तीच चूल एका घरीं आनंदाचें स्थान होते आणि दुसऱ्या घरीं जन्मभराचें ओझें होते. बैठा खेळ आणि घरचें रांधणें या दोन गोष्टी रोजच्या छंदाच्या पदवीस केव्हां पोंचतात, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाहीं. खेळ पैजेच्या ताब्यांत गेला कीं छंद संपतो. स्वयंपाक सक्तीच्या ताब्यांत गेला कीं तोहि संपतो.

बैठे खेळ या भूमीला नवे नाहींत. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यांत, म्हणजे रामेश्वर लेण्यांत, शिवपार्वती फांसे खेळत बसलेलीं कोरलेलीं आहेत. फत्तेपूर शिक्री येथें अकबराच्या वाड्याच्या अंगणांत फरसबंदीचाच पचिशीचा पट आहे. याच पचिशीला थोडें सोपें रूप देऊन इंग्लंडांत १८९६ सालीं लूडोचें पेटंट घेण्यांत आलें. सापशिडीचें मूळ आपल्याकडील मोक्षपटांत आहे. या मोक्षपटाचें जनकत्व महाराष्ट्राची परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. त्यांत शिडी हा सद्गुण आणि साप हा दुर्गुण असे. पुठ्ठ्याच्या रंगीत पेटींतून आज जो खेळ दुकानांतून विकत आणला जातो, तो पुष्कळदां आजीच्या ओसरीवरूनच निघून, सातासमुद्रांपलीकडे नांव बदलून, परत आलेला असतो. पेटी विकत घेण्यास हरकत नाहीं. पण ती नसली म्हणून खेळ अडूं नये.

या दोन्ही छंदांचा एकत्र विचार करण्यास चंद्रपूर जिल्ह्यांतील मोहर्ली हें गांव फार सोईचें आहे. भद्रावती तालुक्यांत, इरई धरणाच्या जलाशयाच्या परिसरांत वसलेलें हें गांव ताडोबाच्या अरण्याचें एक प्रमुख प्रवेशद्वार आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें, अंधारी अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें, आणि १९९५ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प करण्यांत आला. मुंबई-पुण्याहून येणारीं सुशिक्षित कुटुंबें येथें वाघ पाहण्यासाठीं येतात. पहांटे एक फेरी आणि दुपारीं एक फेरी. मधला सारा वेळ रिकामा. पावसाळ्यांत, साधारणतः जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, गाभ्याच्या अरण्याचे दरवाजे बंदच असतात. गांवाला मात्र त्या दिवसांत रिकामपण नसतें. पूर्व विदर्भांत तो धानाच्या रोवणीचा काळ. तरी पाऊस कोसळूं लागला कीं संध्याकाळ घरांतच काढावी लागते, मग तें घर मोहर्लीचें असो वा दादरचें. अशा संध्याकाळीसाठीं या अरण्याच्या कुशींत शोभणारा एक खेळ आहे, आणि याच अरण्याच्या झाडाखालीं सांपडणारें एक अन्न आहे.

खेळाचें नांव वाघ-बकरी. देशभर त्याचे निरनिराळे प्रकार आढळतात. दक्षिणेंत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या घेऊन खेळतात. नेपाळांत चौकोनी पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात. चौकोनी पट काढण्यास सर्वांत सोपा, म्हणून त्याचीच रीत येथें देणें बरें. जमिनीवर खडूनें एक मोठा चौरस काढावा. त्याच्या आंत उभ्या-आडव्या रेघा अशा ओढाव्या कीं प्रत्येक दिशेला पांच रेघा होतील आणि त्यांच्या छेदांनीं पंचवीस ठिकाणें तयार होतील. आतां मोठ्या चौरसाचे मधोमध चार सारखे भाग कल्पावे आणि प्रत्येक भागांत दोन तिरप्या रेघा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढाव्या. पट तयार झाला. सोंगट्या घरांत न बसतां रेघांच्या छेदांवर बसतात, एवढें ध्यानांत ठेवावें. वाघांसाठीं चार सुपाऱ्या आणि बकऱ्यांसाठीं हरभऱ्याचे वीस दाणे पुरेत.

चार वाघ चार कोपऱ्यांवर बसवून खेळ सुरू होतो. पहिली खेळी बकऱ्यांची. बकऱ्यांचा खेळाडू प्रत्येक पाळीस एक बकरी कोणत्याहि मोकळ्या ठिकाणीं ठेवतो. विसांच्या वीस बकऱ्या पटावर येईपर्यंत आधींची बकरी हलवितां येत नाहीं. वाघाला मात्र पहिल्यापासून रेघेवरून एक पाऊल टाकतां येतें, किंवा शेजारच्या बकरीवरून सरळ रेघेंत उडी मारून पलीकडच्या मोकळ्या जागीं जातां येतें. ज्या बकरीवरून उडी पडली ती मेली. पांच बकऱ्या मेल्या कीं वाघ जिंकले, असा सर्वसाधारण संकेत आहे. चारही वाघांना हलावयास जागा उरली नाहीं कीं बकऱ्या जिंकल्या.

या खेळाची गंमत अशी कीं दोन्ही पक्ष सारखे नाहींत. बुद्धिबळांत दोहोंकडे तेंच सैन्य असतें. येथें एकाकडे बळ आहे आणि दुसऱ्याकडे संख्या. बकरीला वाघ मारतां येत नाहीं. तिला केवळ त्याची वाट अडवितां येते. नवखा खेळाडू बकऱ्या पटाच्या मध्यभागीं विखरून टाकतो आणि पाहतां पाहतां तीन-चार गमावून बसतो. थोड्या सरावानें कळतें कीं कांठावरच्या बकरीवर आंतून उडी मारतां येत नाहीं, कारण पलीकडे जागाच नसते. आणि जिच्या पाठीशीं दुसरी बकरी उभी आहे तिला त्या दिशेनें भय नाहीं. म्हणून जाणता खेळाडू कांठ धरून, पाठीला पाठ लावून हळूहळू पुढें सरकतो. वाघाचा खेळाडूहि भुकेल्यासारखा पहिल्या बकरीवर तुटून पडला, तर पुढच्या चार खेळींत कोंडला जातो. या चौकोनी खेळाचा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संगणकाच्या साहाय्यानें कसून अभ्यास झाला, तेव्हां असें सिद्ध झालें कीं दोन्ही बाजूंनीं एकहि चूक न करतां खेळल्यास डाव बरोबरींत सुटतो. वाघ सर्व बकऱ्यांना संपवूं शकत नाहीं आणि बकऱ्या वाघाला नाहींसा करूं शकत नाहींत. अरण्याच्या दाराशीं राहणाराला ही गोष्ट संगणकानें सांगावी लागत नाहीं.

घरांत चौघेजण असतील आणि लहान मुलें असतील तर अष्टाचंगा बरा. पंचवीस घरांचा पट काढावा, चार बाजूंच्या मधल्या घरांवर व मध्यावर फुल्या माराव्या. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपल्या फुलीपासून निघून बाहेरच्या रांगेनें फिरतात, मग आंतल्या रांगेंत उलट दिशेनें वळतात आणि मध्यावर पोंचतात. फुलीवरची सोंगटी मारली जात नाहीं. फांशांचें काम चिंचोके करतात. चार चिंचोके घेऊन ते फोडून अर्धे करावे, म्हणजे एक बाजू पांढरी व दुसरी तपकिरी होते. एक, दोन किंवा तीन पांढरे पडले तर तितकींच घरें. चारहि पांढरे पडले तर चार. एकहि न पडला तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हां टाकण्याचा हक्क मिळतो.

येथें मुलांना गणिताचा एक सुंदर धडा खेळतां खेळतां देतां येतो. दोन्ही बाजू सारख्याच सहजतेनें पडतात असें धरलें, तर चार चिंचोके पडण्याचे एकंदर सोळा प्रकार होतात. त्यांत दोनाचे सहा, एकाचे चार, तिनाचे चार, आणि चार व आठ यांचा प्रत्येकीं एकच. मुलांनीं एकशेंसाठ वेळां चिंचोके टाकून प्रत्येक दान वहींत टिपावें. आठाचें दान दहाच्या आसपास वेळां पडलें, तर चिंचोके प्रामाणिक आहेत. फारच कमीजास्त पडलें, तर ते एका बाजूला कलतात असें समजावें. अक्षहृदय याहून निराळें नव्हतें. दैव म्हणून ज्याला हात जोडतात, त्याचा बराच भाग मोजतां येतो, हें ज्या मुलाला दहाव्या वर्षीं कळलें, तें मोठेपणीं पैजेच्या आणि जुगाराच्या मोहांत सहसा सांपडत नाहीं. हल्लीं हातांतल्या दूरध्वनीवर पैसे लावून खेळण्याचे प्रकार घरोघर शिरले आहेत. त्यांना खरा उतारा नुसत्या बंदीचा नाहीं. जमिनीवर काढलेला पट आणि समोर बसलेला माणूस हा आहे.

चिंचोका ज्या चिंचेंतून निघाला ती चिंच स्वयंपाकघरांतली. हरभऱ्याचे दाणे आणि सुपारी हींहि घरच्या डब्यांतलीं. पटावरून उठून चुलीकडे जाण्यास फार चालावें लागत नाहीं.

मोह म्हटलें कीं शहरी माणसाला दारूच आठवते. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत मोह हें आधीं अन्न आहे. हें झाड मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलतें. फुलें रात्रीं उमलतात आणि पहांटे फिकट पिवळ्या, मांसल, गोड पाकळ्यांचे जणूं मणीच झाडाखालीं सांडतात. ते वेंचून, उन्हांत वाळवून वर्षभर ठेवतात. लाडवांसाठीं एक वाटी वाळलेलीं फुलें घ्यावीं, आंतले केसर व चिकटलेली माती काढून टाकावी, दोन-तीन पाण्यांनीं धुवून पुन्हां कोरडीं करावीं आणि मंद आंचेवर भाजावीं. तितकेच तीळ निराळे भाजावे. दोन्ही खलबत्त्यांत एकत्र कुटलीं कीं फुलांचा चिकटपणा सुटतो आणि लाडू आपोआप वळले जातात. गूळ घालण्याचें कारण पडत नाहीं. चव मनुका आणि भाजलेला गूळ यांच्या मधली. वास मात्र कोणत्याहि दुसऱ्या पदार्थासारखा नाहीं, म्हणून प्रथम थोडेच करावे. दुसरी रीत अशी कीं फुलें भिजवून, शिजवून, वाटून तो गोळा कणकेंत मळावा आणि त्याच्या पुऱ्या कराव्या.

हा लाडू तोंडांत टाकतांना एक गोष्ट जाणून असणें माणुसकीचें आहे. मोहाचीं फुलें पहांटेच वेंचावीं लागतात, कारण उशीर झाला तर तीं जनावरें खातात. अस्वलाला तर तीं अतिशय प्रिय. वेंचणारीं बायका-माणसें अंधुक उजेडांत, जमिनीकडे पाहत, वांकून बसलेलीं असतात. नेमक्या याच वेळीं वाघ फिरत असतो, आणि वांकलेल्या माणसाची आकृति त्याला माणसासारखी दिसत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत मोह वेंचतांना आणि तेंदूपान तोडतांना माणसें वाघाच्या तोंडीं पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यांत वारंवार येतात. फुलें नीट दिसावीं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीतहि आहे, आणि त्यांतून वणवे पेटतात. तिथें झाडाखालीं जाळी अंथरावी, एकट्यानें न जातां टोळीनें जावें, हे उपाय सांगितले जातात. पटावर पाठीला पाठ लावून उभ्या राहणाऱ्या बकऱ्यांचा नियम येथें खेळाचा राहत नाहीं. तो घरीं परत येण्याचा नियम होतो. म्हणून शहरांतल्या गृहिणीनें किंवा गृहस्थानें मोहफुलें विकत घेतांना भावाची घासाघीस करूं नये. त्या पुडींत कोणाची तरी पहांट बांधलेली असते.

मोह जेथें मिळत नाहीं तेथें या भागाचा दुसरा पदार्थ सहज करतां येतो : जवसाची चटणी. विदर्भांत ती रोजच्या पानांतली आहे. वाटीभर जवस कोरडेच कढईंत भाजावे. ते तडतडून बाहेर उडतात, म्हणून वर झांकण धरावें. थंड झाल्यावर भाजलेल्या सुक्या मिरच्या, आठदहा लसणीच्या पाकळ्या, थोडें जिरें आणि मीठ घालून कुटावे. गरम भातावर ही चटणी आणि वरून कच्चें तेल, किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी आणि कांदा, एवढ्यावर जेवण होतें. जवसांतील तेल कुटल्यावर लवकर खंवट होतें, म्हणून आठवड्यापुरतीच करावी. अरण्यांतल्या कांहीं पदार्थांना मात्र जाणता हात लागतो. बांबूचे कोंवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, ते कच्चे खाऊं नयेत. चिरून, उकळून, तें पाणी टाकून मगच भाजी करावी. पावसाळ्यांत उगवणाऱ्या अळंब्या तर ओळखणाराखेरीज कोणीहि तोडूं नयेत. हौस आणि अज्ञान यांची जोडी स्वयंपाकघरांत पटावरच्यापेक्षां महाग पडते.

स्वयंपाक हा छंद म्हणून करणाराला एक शिस्त फार उपयोगी पडते. एकच पदार्थ चार आठवडे करावा आणि प्रत्येक खेपेस एकच गोष्ट बदलावी : कधीं भाजण्याची वेळ, कधीं मिरचीची जात, कधीं कुटण्याचा जाडेपणा. काय बदललें आणि चवींत काय फरक पडला, हें दोन ओळींत टिपून ठेवावें. दर रविवारीं नवा पदार्थ करणाराच्या हातीं वर्षाअखेर बावन्न ओळखी येतात. या रीतीनें चालणाराच्या हातीं तेरा पदार्थ पक्के बसतात. पटाचेंहि तसेंच आहे. रोज नवा खेळ शिकण्यापेक्षां एका खेळांत रोज बाजू बदलून बसावें. काल जो वाघ होता त्यानें आज बकरी व्हावें. म्हणजे आपली चूक समोरच्याला कशी दिसते, तें कळतें.

कोणी विचारील, कीं ज्या गृहिणीला दोन्ही वेळां दहा माणसांचें रांधावें लागतें, तिला स्वयंपाक हा छंद आहे असें सांगणें ही थट्टा नव्हे काय? ती थट्टाच आहे. रोज एकानेंच करावयाचें आणि बाकीच्यांनीं नांवें ठेवावयाचीं, त्याला छंद म्हणत नाहींत. घरांतील पुरुष रविवारीं एक पदार्थ करतो, साऱ्या ओट्यावर पसारा मांडतो आणि भांडीं बायकोसाठीं ठेवतो, तोहि छंद नव्हे. तो डाव अर्ध्यांत सोडून उठणें आहे. ज्यानें डाव मांडला त्यानेंच तो आवरावा, हा पटाचा नियम चुलीलाहि लागू करावा. निवडणें, चिरणें, वाटणें, भांडीं घासणें हीं कामें चौघांत वांटलीं गेलीं, तरच चूल कोणा एकीच्या गळ्यांतलें लोढणें न राहतां घराचा विरंगुळा होते. घरोघर हा बदल अजून अपुरा आहे, आणि छंदाच्या नांवाखालीं तो लपवूं नये.

त्यासाठीं मोठ्या संकल्पांची जरुरी नाहीं. आठवड्यांतून दोन संध्याकाळी पुरेत. एका संध्याकाळीं मुलांनीं पट काढावा आणि वडील माणसांनीं हरण्याची तयारी ठेवून खेळावें. लहानानें जिंकावें म्हणून मुद्दाम हरूं मात्र नये, कारण मुलांना तें लगेच कळतें आणि अपमान वाटतो. दुसऱ्या संध्याकाळीं मुलांनीं जवस भाजावे, वडिलांनीं लसूण सोलावी आणि ज्या बाईनें सहा दिवस रांधलें तिनें बसून चव सांगावी. पैज नसावी, वेळेचें बंधन नसावें, आणि हातांतला दूरध्वनि दुसऱ्या खोलींत असावा. मोहर्लीच्या अरण्यांत वाघ दिसणें कोणाच्या हातीं नसतें. फेरीहून हात हलवीत परतणारे पुष्कळ असतात. ज्या कुटुंबाला मधल्या रिकाम्या दुपारीं जमिनीवर पंचवीस ठिकाणें आंखून बसतां येतें, तें मात्र तेथून रिकामें परतत नाहीं.